वस्त्राच्या पायऱ्या : वऱ्हाडचा कापूस आणि शाश्वत उपभोग

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक लहानसा प्रसंग नोंदलेला आहे. कौशांबीच्या उदेन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी भदंत आनंदांना पाचशे चीवरे अर्पण केली. ही वार्ता कानी जाताच राजा अस्वस्थ झाला. एका श्रमणाला पाचशे वस्त्रे कशाला हवीत? याला कापडाचे दुकान तर मांडायचे नाही ना, असे त्याच्या मनात आले. तो सरळ आनंदांकडे गेला आणि त्याने विचारणा केली. इतक्या वस्त्रांचे काय करणार? ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटली जातील. मग त्यांच्या जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या अंथरुणावरील चादरी होतील. जुन्या चादरींचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरायची बिछायत. ती विरली म्हणजे? पायपुसणी. पायपुसणी झिजल्यावर? धूळ झटकण्याची फडकी. आणि ती फडकीही निकामी झाल्यावर? त्यांचे तुकडे चिखलात तुडवून त्या गाऱ्याने जमीन लिंपली जाईल. राजाचे समाधान झाले व त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

चीवर धरून या सात पायऱ्या होतात. या संवादाचे वैशिष्ट्य असे की, त्यात उपदेश जवळजवळ नाही, हिशेब आहे. राजा हिशेब मागतो आणि भिक्खू तो न रागावता देतो. वस्तू हाती आल्यानंतर तिचे शेवटपर्यंत काय होणार हे विचारणे म्हणजे संशयी वृत्ती नव्हे, हे दोघांनाही मान्य आहे. प्रस्तुत लेखात आपल्याला हाच हिशेब वऱ्हाडातील एका वस्तूपुरता मांडून पाहायचा आहे. ती वस्तू म्हणजे आपल्या अंगावरील सदरा.

विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, 'शाश्वत उपभोग' हा शब्द तुम्ही पर्यावरणाच्या पुस्तकात वाचला असेल. १९८७ मध्ये ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालामुळे 'शाश्वत विकास' ही संकल्पना जगभर पोहोचली. १९९२ मध्ये रिओ दी जानेरो येथील परिषदेत संमत झालेल्या 'अजेंडा २१' या दस्तऐवजाचे चौथे प्रकरण उपभोगाच्या पद्धती बदलण्याविषयी आहे. १९९४ मध्ये ऑस्लो येथील परिसंवादात या संकल्पनेची व्याख्या ठरली, आणि २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या सतरा उद्दिष्टांपैकी बारावे उद्दिष्ट जबाबदार उपभोग व उत्पादन हे आहे. इतकी माहिती परीक्षेला पुरते. परंतु ऑस्लोच्या व्याख्येतील एक गोष्ट बहुधा शिकवली जात नाही, म्हणून ती येथे सांगतो. त्या व्याख्येचा आरंभ 'कमी वापरा' असा नाही. माणसाच्या मूलभूत गरजा भागविणारा व त्याचे जीवनमान सुधारणारा वापर, असा तिचा आरंभ आहे. निसर्गसंपत्ती, विषारी द्रव्ये व कचरा कमी करण्याची गोष्ट त्यानंतर येते.

हा क्रम आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. निवासी शाळेत दाखल होताना पत्र्याच्या पेटीत दोन गणवेश, एक घरचा कपडा आणि एक चादर घेऊन येणाऱ्या मुलाला 'उपभोग कमी कर' असे सांगणे ही थट्टा ठरेल. त्याच्यापुरता प्रश्न उपभोगाच्या अतिरेकाचा नसून अभावाचा आहे. वर्गात हा विषय शिकविताना मला दरवेळी हीच अडचण येते, आणि ती टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

अडचण याहूनही खोल आहे. जुने वस्त्र वापरावे, फुटके भांडे जोडून घ्यावे, चिंध्यांतून काही घडवावे, हे सारे आज शहरातील सुशिक्षित माणसाला आकर्षक वाटते. आपल्या समाजाच्या स्मृतीत मात्र जुन्या वस्त्राचा अर्थ वेगळा आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांना प्रेतावरील वस्त्रे आणि फुटकी भांडी नेमून दिलेली आहेत. म्हणजे दुसऱ्याने टाकलेली वस्तू वापरणे ही येथे काटकसर नव्हती, शिक्षा होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्या ग्रंथाचे दहन झाले आणि त्याच परिषदेच्या दिवसांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. त्यात त्यांनी लुगडे नेसण्याच्या पद्धतीविषयी, अंगावरील दागिन्यांविषयी, स्वच्छ राहणीविषयी सविस्तर सांगितले. इतक्या मोठ्या लढ्याच्या ऐन मध्यावर पोशाखाची चर्चा कशाला, असा प्रश्न एखाद्याला पडेल. परंतु वस्त्र हे ज्यांच्यावर ओळखीचे चिन्ह म्हणून लादले गेले त्यांच्यासाठी वस्त्र निवडणे हीच मुक्तीची एक पायरी होती. म्हणून तुमच्या आजी-आजोबांनी नव्या कोऱ्या कपड्याला मोठे मोल दिले असेल, तर त्यात चैन शोधू नये.

मग आनंदांच्या सात पायऱ्यांचे काय करायचे? माझ्या मते, भेद निवडीत आहे. आरंभीच्या काळात भिक्खू टाकून दिलेल्या चिंध्या जोडून चीवर करीत, त्याला पांसुकूल म्हणत. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून भगवंतांनी गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्याचीही मोकळीक दिली; ज्याला चिंध्यांचे चीवर हवे त्याने ते वापरावे, ज्याला दिलेले वस्त्र हवे त्याने ते स्वीकारावे. चिंधी तेथे कुणाच्या जातीला नेमून दिलेली नव्हती. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. चीवराचे तुकडे कसे जोडावेत याची रचना आनंदांनीच केली, आणि तिचा नमुना होता बांधाबांधांनी विभागलेले मगधातील शेत. कापडावर शेताचा नकाशा, ही कल्पना कापूस पिकविणाऱ्या मुलखात तरी विसरली जाऊ नये.

आपल्या मुलखातही चिंधी निवडणारा एक थोर पुरुष होऊन गेला. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगेबाबा. ज्यांच्या घराण्यात इतरांचे कपडे धुण्याचे काम होते त्या घरातील या माणसाने अंगावर ठिगळांचा कपडा घेतला, हातात फुटके गाडगे घेतले आणि त्याच फुटक्या भांड्याचे नाव स्वतःला लावू दिले. मनुस्मृतीने ज्या दोन वस्तू अपमानाच्या खुणा म्हणून सांगितल्या, नेमक्या त्याच दोन वस्तू घेऊन ते गावोगाव फिरले. पण ते फाटके असले तरी मळके कधीच नव्हते. शिवाय मुलांना फाटके घाला असे त्यांनी कधी सांगितले नाही. मुलांना शाळेत घाला असे सांगितले, आणि मिळालेल्या पैशांतून शाळा, वसतिगृहे व धर्मशाळा उभारल्या.

एवढी भूमी स्पष्ट झाल्यावर आता सदऱ्याकडे वळू. आनंदांनी वस्त्राच्या पुढच्या पायऱ्या मोजल्या. कापसाच्या मुलखात राहणाऱ्यांनी मागच्याही मोजल्या पाहिजेत, कारण मागच्या बहुतेक पायऱ्या आपल्याच अंगणात आहेत.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर खिळली. १८६७ मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून पुढे गेला. त्या मार्गाने कापसाच्या गठाणी मुंबईला आणि तेथून परदेशी जाऊ लागल्या. 'उमरावती' या गावाच्या नावावरून 'ऊमरा' हे आपल्या कापसाचे व्यापारी नाव पडले व ते लिव्हरपूलच्या बाजारापर्यंत पोहोचले. गावाचे नाव जगभर गेले; परंतु कापूस येथून रुई होऊन जायचा आणि कापड होऊन परत यायचा, व त्या दोहोंतील किमतीचा फरक वाटेतच राहायचा. अकोल्यात व अचलपुरात पुढे गिरण्या निघाल्या, अनेक बंदही पडल्या. अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीपासून थांबली. २० सप्टेंबर २०२४ रोजी अमरावतीजवळील नांदगाव पेठ येथील 'पीएम मित्र' वस्त्रोद्यान प्रकल्पाची पायाभरणी झाली आहे. त्याचे फलित काय, हे तुमची पिढी पाहील.

या दीडशे वर्षांत खुद्द कापसाचे झाडही बदलले. गावरान कापूस आखूड धाग्याचा. त्याचे मूळ खोल जाते, पावसाचा खंड तो सहन करतो, रस शोषणाऱ्या किडींना तो सहजी बळी पडत नाही. पण त्याचे बोंड लहान, उत्पादन कमी, आणि गिरणीच्या यंत्राला हवा असतो लांब धागा. त्यामुळे अमेरिकन जातीच्या कापसाने त्याची जागा घेतली. त्यातून संकरित वाण निघाले, आणि २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर काही वर्षांतच शिवारातून गावरान पऱ्हाटी जवळजवळ दिसेनाशी झाली. आरंभी बोंडअळीपासून सुटका झाली, उत्पादन वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु संकरित वाणाची सरकी राखून पुढील वर्षी पेरता येत नाही, पाकीट दरवर्षी विकत घ्यावे लागते. आणि पुढे गुलाबी बोंडअळीच या वाणाला पुरून उरली. २०१७ च्या हंगामात विदर्भात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, त्यांत सर्वाधिक यवतमाळ जिल्ह्यातील होते. सदऱ्याच्या मागच्या पायऱ्या मोजताना ही पायरी गाळता येत नाही.

आता एक त्रैराशिक. वेचलेल्या एक क्विंटल कापसातून सुमारे चौतीस किलो रुई निघते, बाकी सरकी. अर्ध्या बाह्यांचा सुती सदरा दोनशे ग्रॅम वजनाचा धरू. कताई, विणकाम व कापणीत होणारी घट धरली तर त्यासाठी पावणेतीनशे ग्रॅम रुई, म्हणजेच सुमारे आठशे ग्रॅम कापूस लागतो. सन २०२४-२५ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे किलोला पंचाहत्तर रुपये, आणि एका सदऱ्यातील कापसाचे साठ रुपये. नांगरणी, बियाण्याचे पाकीट, खत, फवारणी, निंदणी आणि वेचणीची मजुरी, सारे या साठ रुपयांत बसवायचे. तोच सदरा दुकानात कितीला मिळतो हे तुम्ही स्वतः पाहून या. माझ्या वर्गातील मुलांनी हे गणित सोडवले तेव्हा वर्ग बराच वेळ शांत होता, कारण त्यांतील निम्म्या मुलांनी दिवाळीच्या सुटीत स्वतः कापूस वेचलेला असतो.

याच ठिकाणी पाठ्यपुस्तकी आकड्यांबाबत एक सावधगिरी सुचवतो. एका सुती बनियनवजा कपड्यासाठी २,७०० लिटर पाणी लागते, असे अनेक तक्त्यांवर लिहिलेले असते. तो जगाच्या सरासरीचा अंदाज आहे आणि त्यात पिकाने घेतलेले पावसाचे पाणीही धरलेले असते. विदर्भातील बहुतांश कापूस कोरडवाहू आहे, जे आकाशातून पडते त्यावरच येतो. तेव्हा तो आकडा वाचून वऱ्हाडच्या शेतकऱ्याला पाण्याचा अपव्यय करणारा ठरविणे अन्यायाचे होईल. आपल्या कापसाचा दोष असलाच तर तो पाण्यात नाही. विषारी फवारणीत आणि न परवडणाऱ्या भावात आहे.

या अवघड गणिताला कोणी कृतीने उत्तर शोधले आहे काय? येथे 'सामाजिक उद्योजक' या शब्दाची गरज पडते. बांगलादेशातील प्राध्यापक मुहम्मद युनूस यांना व त्यांच्या ग्रामीण बँकेला २००६ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि हा विचार सर्वदूर पोहोचला. देणगीवर चालणारी संस्था आणि नफ्यासाठी चालणारा धंदा यांच्यामधला हा मार्ग आहे. वस्तू विकायची, हिशेब चोख ठेवायचा, परंतु विकण्याचा हेतू एखादा सामाजिक प्रश्न सोडविणे हा असतो. सामाजिक उद्योजक ग्राहकाची दया मागत नाही, त्याला एक चांगली वस्तू देतो.

आपल्या सर्वांत जवळचे उदाहरण वरूड तालुक्याच्या सीमेपलीकडे सापडते. सीमा ओलांडली की मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर हा मराठी बोलणारा, कापूस व संत्री पिकविणारा टापू लागतो. सौंसर तालुक्यात पारडसिंगा नावाचे गाव आहे (काटोलजवळील अनसूयामातेचे प्रसिद्ध पारडसिंगा ते निराळे). नागपूरच्या शिल्पकार श्वेता भट्टड यांनी तरुण वयात या गावात 'ग्राम आर्ट प्रोजेक्ट' हे काम सुरू केले. कलाशिक्षण घेतलेल्या या तरुणीने कला प्रदर्शनाच्या दालनातून काढून शेतात आणली. शेताच्या पटावर पिकेच रंगांसारखी वापरून तिने व गावकऱ्यांनी भव्य चित्रे उभी केली. पण गावात राहिल्यावर प्रश्न समोर आला तो बियाण्याचा, गावरान कापसाचा, आणि शेतीच्या कामानंतर रिकाम्या राहणाऱ्या हातांचा.

त्यातून निघाली बियांची राखी. राखी हा कोणत्या परंपरेचा सण, या वादात आपल्याला पडायचे नाही. आपल्याला वस्तू पाहायची आहे. बाजारातील राखी म्हणजे प्लास्टिकचे मणी, चमकी, कृत्रिम धागा. दोन दिवस मनगटावर आणि मग गटारात. पारडसिंग्याच्या राखीत गावरान कापसाचा हाताने कातलेला व नैसर्गिक रंगात रंगविलेला धागा असतो आणि शोभेच्या जागी धान्याच्या वा भाजीच्या बिया असतात. सण संपल्यावर ती मातीत पुरायची. धागा कुजतो, बी उगवते. राखी करणाऱ्या गावातील व आसपासच्या स्त्रिया आहेत. काम गावात, मजुरी गावात. बियाणे पेरलेला कागद, हातमागाचे कापड अशा इतर वस्तूही या कामातून पुढे आल्या.

आनंदांच्या मापाने मोजून पाहा. या धाग्याची शेवटची पायरी चीवराच्या शेवटच्या पायरीशी जुळते. दोन्ही मातीत जातात. मागच्या पायऱ्याही डोळ्यांसमोर आहेत. कापूस कुणाच्या शेतातला, सूत कुणी कातले, हे विचारले तर उत्तर मिळते. आणि सर्वांत मोलाची गोष्ट माझ्या मते बियाण्याची आहे. ज्या सरकीला गिरणीच्या बाजारात भाव उरला नव्हता, तिला पेरण्याचे एक कारण पुन्हा निर्माण झाले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने, २० ऑक्टोबर १९६९ या स्थापनेपासून जी अनेक कामे केली त्यांत देशी कापसाचे 'एकेए' मालिकेतील वाण जोपासणे हेही एक आहे. परंतु विद्यापीठाने वाण कितीही सांभाळला तरी त्याच्या कापडाला गिऱ्हाईक नसेल, तर शेतकऱ्याने तो कशासाठी पेरावा? वाण अखेर गिऱ्हाइकाच्या मागणीनेच शेतात टिकतो. उपभोग या शब्दाला येथे असा अर्थ येतो.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. राखी वर्षातून एकदा लागते. ती बाजारातील राखीपेक्षा महाग पडते, पडणारच, कारण तिच्यात मजुरी खरी आहे. शहरात तिसऱ्या मजल्यावर राहणारा ग्राहक ती बी पेरतो की खिडकीत विसरतो, हे करणाऱ्या बाईच्या हाती नाही. एका गावाच्या धाग्याने वऱ्हाडच्या लक्षावधी क्विंटल कापसाचा प्रश्न सुटणार नाही, आणि तसा दावा कुणी करूही नये.

दुसरे उदाहरण वेगळ्या टोकाचे आहे. पुण्याच्या अमिता देशपांडे यांनी २०१३ च्या सुमारास सहकाऱ्यासह एक उद्योग उभारला, तो आज 'रीचरखा' या नावाने ओळखला जातो. त्यांचा कच्चा माल कापूस नाही. कॅरीबॅग, बिस्किटांची व वेफर्सची चकचकीत वेष्टने, अशा ज्या प्लास्टिकला भंगारवालाही हात लावत नाही ते त्या गोळा करतात. ते धुवून उन्हात वाळवतात, हाताने कापून त्याच्या लांब पट्ट्या करतात, चरख्यावर त्या गुंडाळतात आणि हातमागावर विणून त्याचे जाड कापड तयार होते. त्यापासून पिशव्या, दप्तरे, पाकिटे शिवली जातात. हे काम आरंभी दादरा-नगर हवेलीतील आदिवासी भागात सुरू झाले, म्हणजे मागावर आदिवासी विणकर होते. प्रत्येक वस्तूवर तिच्यात किती पिशव्या वापरल्या गेल्या हे लिहिलेले असते. उदेन राजाला ही चिठ्ठी नक्कीच आवडली असती.

चरखा वर्ध्याजवळच्या माणसाला नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ३० डिसेंबर १९३८ रोजी मगन संग्रहालय सुरू झाले तेव्हा ग्रामोद्योगाची सारी साधने तेथे मांडली होती, आणि आजही तेथे नैसर्गिक रंगांतील खादीचे काम चालते. त्या चरख्यावर कधी काळी वेफर्सच्या पाकिटाची पट्टी चढेल हे मात्र तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसेल. या उद्योगाविषयी माझ्या मनात आदर आहे, शंकाही आहे. प्लास्टिकची एक पायरी त्याने वाढवली, एकाच्या दोन केल्या. पण ते दप्तर फाटल्यावर पुन्हा प्लास्टिकच उरते. त्याची वात होत नाही, पोतेरे होत नाही, ते गाऱ्यात मिसळत नाही. म्हणून मी या कामाकडे उपाय म्हणून कमी आणि आरसा म्हणून अधिक पाहतो. आपल्या शाळेच्या उपाहारगृहामागील ढिगाकडे पाहताना आता 'हे कुणाला तरी धुवावे लागेल' असा विचार मनात येतो, आणि पाकीट उघडणारा हात किंचित थबकतो.

आता घरचा, म्हणजे शाळेचाच प्रश्न. आपला गणवेश पॉलिस्टरमिश्रित कापडाचा आहे. कापूस पिकविणाऱ्यांची मुले पेट्रोलियमपासून बनलेला धागा अंगावर घालतात, ही विसंगती विद्यार्थ्यांनीच एकदा वर्गात दाखवून दिली. तिचे उत्तर सोपे नाही. ते कापड स्वस्त आहे, इस्त्री लागत नाही, पावसाळ्यात वसतिगृहाच्या व्हरांड्यात एका रात्रीत वाळते. सुती कापड ओले राहिले तर मुलगा सकाळी प्रार्थनेला काय घालील? दुसरीकडे, सुती सदरा फाटल्यावर त्याचे दुपटे होते, वाकळ होते, फडके होते, अखेर दिव्याची वात होते. आपल्या आयांच्या हाताखालून या पायऱ्या नकळत जातात. पॉलिस्टरचा सदरा पाणी शोषत नाही म्हणून फडक्याच्याही कामाचा नसतो, वाकळीत घातला तर उन्हाळ्यात अंगाला चिकटतो. आणि प्रत्येक धुण्यात त्याचे अतिसूक्ष्म तंतू सुटून पाण्याबरोबर नाल्यात जातात. बोहारीणही हल्ली असे कपडे हातात घेऊन नाक मुरडते. किंमत दुकानात कमी भरली म्हणजे ती कमीच असते असे नाही. परंतु पालकाच्या खिशात आज जेवढे आहे तेवढ्यातच निर्णय करावा लागतो, हेही तितकेच खरे.

या प्रश्नाचा निकाल मोठ्यांनी बंद खोलीत लावण्याऐवजी तो विद्यार्थ्यांनी मोजून पाहावा, असे मला वाटते. एक सदरा सुती व एक मिश्र कापडाचा, दोन्ही एकाच मापाचे शिवून घ्यावेत. दोन्ही एकाच मुलाने आळीपाळीने वापरावेत. प्रत्येक धुण्याची तारीख, वाळायला लागलेला वेळ, पहिले ठिगळ कधी लागले, गुंडी कधी तुटली, याची नोंद विज्ञानाच्या वहीत ठेवावी. सदरा निकामी झाल्यावरही वही बंद करू नये, त्याचे पुढे काय झाले तेही लिहावे. सदऱ्याची किंमत त्याने दिलेल्या एकूण दिवसांनी भागली की दर दिवसाचा खर्च निघतो. तो आकडा पालकसभेपुढे ठेवता येईल, मग तो कुणाच्याही बाजूचा निघो.

दुसरे काम दिवाळीच्या सुटीतले आहे. घरी गेल्यावर वेचणीच्या वेळी शिवारात किंवा बांधावर एखादी गावरान पऱ्हाटी उरली आहे काय ते आजोबांना विचारून शोधावे. बोंड लहान असते, कापूस हाताला जरा खरखरीत लागतो. सापडल्यास मूठभर सरकी कागदी पुडीत घेऊन यावी, पुडीवर गावाचे नाव, शेताचा रंग काळा की मुरमाड, आणि ते झाड तेथे किती वर्षांपासून आहे हे लिहावे. वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीमागे दोन वाफ्यांची जागा मोकळी आहे, मृगात ती पेरता येईल.